विकसनशील देशांतील नवोपक्रम आणि संशोधन संस्थांची भूमिका : ‘नांदेड-४४’ कापूस वाणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
नवोपक्रम म्हणजे प्रत्येक वेळी जगाला अपरिचित असे काही शोधणे नव्हे. अन्यत्र सिद्ध झालेले तंत्र आपली जमीन, पाऊस व आर्थिक कुवत यांना अनुरूप करून घेणे हाही नवोपक्रमच होय. विकसनशील देशांत हे कार्य बाजारपेठ आपणहून करीलच असे नाही. त्यामुळे सार्वजनिक संशोधन संस्थांची गरज भासते. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील एका उदाहरणाच्या आधारे या संस्थांची भूमिका स्पष्ट केली आहे.

स्थानिक गरज आणि संशोधन :
सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस विकसित केला. संकराचे तंत्र त्यामुळे सिद्ध झाले. मराठवाड्यातील बहुतांश कापूस मात्र कोरडवाहू आहे. परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात ‘एनएचएच-४४’ म्हणजेच ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण दिला. पावसाचा ताण व रसशोषक किडी सहन करण्याची क्षमता आणि पुन्हा बहर धरण्याचा गुण यांमुळे तो कोरडवाहू शेतकऱ्यांनी स्वीकारला व राज्याबाहेरही पोहोचला.

बियाण्याचा प्रश्न :
सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो. संकरित वाणाचे गुण मात्र पुढील पिढीत विखुरतात. म्हणून बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. साहजिकच वाण शोधल्याने संशोधन संस्थेचे काम संपत नाही. बीजोत्पादन, वितरण व विस्तारकार्य यांची साखळी नसेल, तर उत्तम वाणही प्रक्षेत्रावरच राहतो.

बदललेले तंत्रज्ञान :
मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. बोंडअळीस प्रतिकार करणारे जनुक खासगी मालकीचे होते आणि ‘नांदेड-४४’ मध्ये ते नव्हते. वाणाचे मूळ गुण कायम असूनही शेतकरी त्यापासून दूर गेला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांचा सार्वजनिक बीटी कापूस २००९ मध्ये शेतापर्यंत आला; तथापि त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाचा अंश आढळल्याने तो थांबवावा लागला. पुढे महाबीजच्या सहकार्याने ‘नांदेड-४४’ चे बीटी रूप तयार झाले. तोपर्यंत बाजारपेठ खासगी बियाण्यांनी व्यापली होती. शिवाय २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील बीटी कापसाचेही मोठे नुकसान केले.

समारोप :
या उदाहरणातून दोन बाबी स्पष्ट होतात. स्थानिक परिस्थितीचे ज्ञान हे प्रादेशिक संशोधन केंद्राचे खरे बळ आहे. परंतु निधी, मालकी हक्क व बीजोत्पादन यांची वेळेवर जोड मिळाली नाही, तर ते बळ वाया जाते. विलंबाची किंमत मात्र संस्था नव्हे, तर दरवर्षी बियाणे विकत घेणारा शेतकरी मोजतो. मुरुडसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी कोणते वाण का स्वीकारले वा सोडले जातात, याच्या नोंदी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ठेवून त्या संशोधन केंद्रांपर्यंत पोहोचविल्यास या साखळीतील एक दुवा निश्चितच जोडला जाईल. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही.