किती एएचची?

पहाटे चारला थंडीनं जाग आली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, मिशिगनचा उत्तर भाग, लेक सुपीरियरच्या काठावरचा ट्वेल्व्हमाइल बीच कॅम्पग्राउंड. पिक्चर्ड रॉक्सच्या या रानात कॅम्पिंगच्या जागेवर विजेची जोडणी मिळत नाही. आपापल्या आरव्हीत, म्हणजे फिरत्या घरात, असेल तेवढीच वीज. आमच्या अठरा फुटी ट्रेलरमधल्या फर्नेसचा पंखा कण्हत फिरत होता आणि त्यातून गार वारा येत होता. बायको रजईतूनच म्हणाली, "गॅसची टाकी तर कालच भरलीय ना? मग ऊब कुठाय?"

टाकी भरलेलीच होती. पण या फर्नेसमध्ये वाऱ्याच्या वाटेत एक पातळ पत्री असते. वारा जोरात आला की ती ढकलली जाते, स्विच लागतो आणि मगच गॅस पेटतो. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पत्री हलत नाही, आणि भरल्या टाकीशेजारी माणसं कुडकुडत बसतात.

घरी परतल्यावर सांगलीला धाकट्या भावाला फोनवर ही रडकथा ऐकवली. त्याचा पहिला प्रश्न, "बॅटरी किती एएचची?"

मला सांगता येईना. लोडशेडिंगच्या काळात आमच्या घरी दीडशे एएचची, म्हणजे दीडशे ॲम्पिअर-अवरची, ट्युब्युलर बॅटरी होती. रात्री कुणाच्या खोलीतला पंखा चालणार हे त्या आकड्यावर ठरायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी वडील डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन तिच्यापुढे उकिडवे बसायचे. त्याच घरातला मी, इथे दुकानात 'मरीन, आरव्ही, डीप सायकल' एवढं वाचून एकसारख्या दोन बॅटऱ्या उचलून आणल्या होत्या: एक ट्रेलरला, एक बोटीला. लेबलवर मोठ्या अक्षरांत क्रँकिंग ॲम्प्स, म्हणजे इंजिन सुरू करण्याचा करंट, होते. एएच कुठेच नव्हतं.

"मग ती अर्धी गाडीचीच म्हण की, दादा," भाऊ म्हणाला.

खरं होतं. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. स्टार्टरला दोन-चार सेकंद दणकून करंट द्यायचा की काम संपलं. डीप सायकलच्या प्लेटा जाड, त्या रात्रभर थोडं थोडं देत राहतात. मरीन नावाखाली जे सर्रास विकलं जातं ते या दोघांच्या मधलं असतं, आणि मधलं म्हणजे दोन्हीकडे बेताचंच. क्रँकिंगचा आकडा ठळक आणि एएच गायब असेल, तर ती बॅटरी रात्र काढायला बनवलेली नाही असं खुशाल समजावं.

तरी निदान केल्याशिवाय फेकायची नाही म्हणून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणला. चार्जिंगनंतर रात्रभर सोडलेली बॅटरी व्होल्टमीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवत होती, म्हणजे ठीकठाक. सहा कप्प्यांतलं ॲसिड ओढून पाहिलं तेव्हा पाच कप्प्यांत 1.250 आणि तिसऱ्यात 1.180. पुरत्या भरलेल्या बॅटरीत सगळीकडे 1.265 च्या जवळ हवं. एक कप्पा आजारी पडला की बाकीचे पाच त्याच्या चालीनं चालतात. दोष नुसता बॅटरीचाही नव्हता. ट्रेलरमधला बॅटरी चार्ज करणारा जुना कन्व्हर्टर 13.6 व्होल्टच्या वर चढतच नव्हता. कायम अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि मग ते निघत नाही. नवी बॅटरीही तशीच मेली असती, म्हणून आधी कन्व्हर्टर बदलला.

मग कागद-पेन्सिल घेतली. फर्नेसचा पंखा 7 ॲम्पिअर खातो. गार रात्री दहा तासांतले पाच तास चालतो, म्हणजे 35 एएच. जुन्या बल्बांना प्रत्येकी दीड ॲम्पिअर. चार बल्ब, तीन तास, झाले 18. पाण्याचा पंप, गॅसचा अलार्म, फ्रिजचा बोर्ड मिळून 8. एका रात्रीचे साठाहून जास्त! एलईडी बसवल्यावर ते पंचेचाळीसवर आले. इतकी स्वस्त 'नवी बॅटरी' दुसरी मिळायची नाही. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली वरचेवर उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. दोन रात्री काढायच्या तर 90 हवेत, म्हणजे बॅटरी किमान 180 ची.

एजीएम, म्हणजे बंद लेड-ॲसिड बॅटरी, पाहिली; पाण्याची कटकट नाही, पण किंमत पाहून हात मागे घेतला. लिथियमचा मोह मोठा होता. वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ सगळी वीज वापरता येते. पण शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करता येत नाही. आत धातूचा थर जमून ती कायमची खराब होते. ट्रेलरची बॅटरी बाहेर, पुढच्या दांड्यावर असते. ऑक्टोबरच्या पहाटे तिथे बर्फ साचतो आणि नेमकं तेव्हाच जनरेटर लावायचा असतो. म्हणून 1859 साली प्लांतेनं बनवलेल्या शिशाच्या बॅटरीच्याच वंशातल्या दोन घेतल्या: गोल्फ कार्टच्या, सहा-सहा व्होल्टच्या, सिरीजमध्ये जोडून 12 व्होल्ट आणि 225 एएच. एकेक 28 किलोची. लांबी-रुंदी जुनीएवढीच, पण उंची दोन इंच जास्त, त्यामुळे डब्याचं झाकण बसेना. टेप घेऊन दुकानात गेलो होतो. उंची तेवढी मोजली नव्हती.

बोटीचं गणित उलटं. मासे बुजू नयेत म्हणून लावलेली ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात 50 ॲम्पिअर ओढते. शंभर एएच भागिले पन्नास म्हणजे दोन तास, हे शाळेतलं उत्तर. पण करंट जितका जोरात ओढाल तितकी लेड-ॲसिड कमी वीज देते, हे पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1897 मध्येच मांडून ठेवलंय. त्यात बोट फक्त उन्हाळ्यात निघते, बॅटरी गॅरेजमध्ये चार्ज होते आणि धक्क्यापर्यंत मला हातानं न्यावी लागते. तिथे लिथियमच हवी: शंभर एएच, बारा किलो. शेवटपर्यंत वेग तोच राहतो, आणि मग आतलं सर्किट एकदम तोडून टाकतं. सूचना वगैरे काही नाही. पहिल्याच रविवारी तळ्याच्या मध्यावर वल्ही मारत परत आलो. आता बॅटरीला एएच मोजणारा छोटा मीटर लावलाय.

घेणाऱ्यानं दोन गोष्टी पाहाव्यात. एएच वीस तासांच्या दरानं दिलंय ना. आणि तारखेचा कोड. बऱ्याच बॅटऱ्यांवर महिन्याचं अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो, ए म्हणजे जानेवारी. शेल्फवर सहा महिने उपाशी पडलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये. जोडताना अंगठी काढा. सोडताना आधी निगेटिव्ह सोडा.

यंदाच्या ऑक्टोबरात त्याच काठावर दोन रात्री राहिलो. फर्नेस एकदाही रुसली नाही. दुसऱ्या सकाळी व्होल्टमीटरवर 12.3. परतताना गावात फोनला रेंज आली तेव्हा भावाला फोटो पाठवला. उत्तर आलं, "पाणी बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. घरी येऊन झाकणं उघडली तर दोन कप्प्यांत पाणी प्लेटांना जेमतेम टेकलेलं.