उन्हाळ्यातलं जंगल मेलेलं नसतं 🌿

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. ताडोबात आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "अरे, सगळं वाळलंय की!"

वाळलेलं नाही. पाणी वाचवतंय.

साग: याची पानं सुपाएवढी, त्यामुळे पाणीही भरपूर उडतं. म्हणून उन्हाळ्याआधीच तो पानं टाकून मोकळा होतो.

ऐन: सालीवर मगरीच्या पाठीसारखे जाड, भेगाळ चौकोन. वणव्याची धग आतपर्यंत सहज पोचत नाही.

भुत्या, म्हणजे कांडोळ: अंधारात पांढरंफटक खोड पाहून दचकायला होतं. त्याची कागदासारखी पातळ साल नखाएवढी जरी सुटली, तरी आत हिरवा थर दिसतो. पानं नसताना हे खोडच थोडंफार अन्न तयार करतं.

तेंदू: वरचं झाड जळलं तरी मुळांतून नवे धुमारे फुटतात.

आणि आपला मोह! गडचिरोलीत मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपल्या घेऊन माणसं याच्याखाली वाकलेली दिसतात. तो फुलतो तेव्हा फांद्यांवर पानं जवळजवळ नसतात. रात्री येणाऱ्या वटवाघळांना गोड, रसदार फुलं सहज सापडतात आणि परागीभवन होतं. याची फळं, म्हणजे टोळ, पिकतात ती पावसाच्या तोंडावर. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, पडल्या पडल्या ओल मिळाली तरच रुजतं. वेळेचं गणित बघा!

तुमच्या गावाकडचं कोणतं झाड उन्हाळ्याला असं पुरून उरतं? कमेंटमध्ये सांगा. 👇