जमिनीला खिळलेले विमान

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन या गावी वाद्ये बनविण्याचा एक कारखाना होता. आपोआप वाजणारे पियानो आणि नाट्यगृहांतून बसविले जाणारे ऑर्गन तेथे तयार होत असत. कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक यास विमानोड्डाणाचा विलक्षण नाद होता. परंतु ते शिक्षण त्या काळी इतके खर्चाचे व जोखमीचे असे की, बेताच्या ऐपतीच्या तरुणास आपली हौस मनातच जिरवावी लागे. भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या यांच्याशी रोजचा परिचय असलेल्या लिंकच्या मनात असे आले की, ज्या हवेच्या दाबाने ऑर्गनमधून सूर निघतात, त्याच दाबाने एखादी लाकडी पेटी पुढेमागे झुकविता आणि डावीउजवीकडे कलविता आली, तर वैमानिकाचे निम्मे शिक्षण जमिनीवरच उरकता येईल. १९२७ ते १९२९ या काळात त्याने ही पेटी कारखान्याच्या तळघरात सिद्ध केली. उड्डाणशाळांनी मात्र तिच्याकडे पाठ फिरविली, आणि आरंभीचे गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांचे.

तिचे खरे मोल कळण्यास माणसे मरावी लागली. १९३४ साली अमेरिकी सरकारने टपालवाहतुकीचे खाजगी कंपन्यांचे ठेके रद्द करून ते काम लष्कराच्या विमानदलाकडे सोपविले, आणि धुक्यात व रात्री केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याची तालीम नसलेले दहाच्या वर वैमानिक थोड्याच काळात बळी पडले. याच सुमारास लिंक स्वतः विमान घेऊन, हवा इतकी बिघडलेली असताना की तो येईल ही आशा अधिकाऱ्यांनी सोडून दिली होती, न्यूअर्कच्या विमानतळावर सुखरूप उतरला. लष्कराने त्याच्या सहा पेट्या प्रत्येकी ३,५०० डॉलर्सना खरेदी केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशी दहा हजारांवर यंत्रे तयार झाली आणि पाच लाखांवर वैमानिक त्यांत बसून गेले. वरचे झाकण बंद केले की शिकाऊ वैमानिकास बाहेरचे काहीही दिसत नसे. शिक्षकाच्या मेजावर मात्र तीन चाकांचे एक छोटे उपकरण नकाशावर शाईची रेघ ओढीत जाई, आणि ती रेघ कोठे भरकटली याचा जाब पेटीतून बाहेर येणाऱ्यास द्यावा लागे.

झाकण बंद करून शिकविण्याचे कारण मनुष्याच्या देहरचनेत आहे. आपल्या कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय जमिनीवर चालण्यासाठी घडलेले आहे. ढगात किंवा काळोखात, क्षितिज दिसेनासे झाले म्हणजे, ते बेलाशक खोटी साक्ष देते. मुंबईकरांना याचा दाखला दूर शोधावयास नको. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. उजवीकडे वळून सरळ झाल्यावरही कॅप्टनसमोरील क्षितिजदर्शक उपकरण विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. खाली समुद्र काळा, वर आकाश काळे; कानातील इंद्रियाकडूनही खरी साक्ष मिळेना. ती चूक दुरुस्त करण्यासाठी कॅप्टनने विमान डावीकडे कलविले, कलवीतच नेले, आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्यापासून जवळच समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. शेजारीच राखीव उपकरण शाबूत होते आणि फ्लाइट इंजिनियरने त्याकडे लक्ष वेधले होते, ही गोष्ट वाचताना आजही जीव कळवळतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नासाने भरविलेल्या परिषदेनंतर कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांचे कसे ऐकावे, हा रीतसर शिक्षणाचा विषय झाला.

लिंकच्या पेटीचा आजचा वारस, म्हणजे सिम्युलेटर, सहा पायांवर उभा असतो. १९५४ च्या सुमारास डनलॉप कंपनीत एरिक गफ याने टायरांच्या चाचणीसाठी योजलेली आणि १९६५ साली स्ट्युअर्ट याने उड्डाणशिक्षणासाठी सुचविलेली ही रचना कक्षाला सहाही प्रकारची गती देते. मात्र धावपट्टीवरील दौड दाखविण्यास यंत्राला जागा कोठे? म्हणून कक्ष हळूच मागे कलतो, समोरील दृश्य सपाटच राहते, आणि गुरुत्वाकर्षणाचा जो दाब पाठीवर येतो त्यालाच शरीर वेगवाढ समजून बसते. मागाहून, कळणार नाही इतक्या संथपणे, कक्ष पूर्वस्थितीस आणला जातो. ज्या इंद्रियदोषाने माणसे मरतात त्याच दोषाचा आश्रय घेऊन माणसे घडविणारे दुसरे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

पण या मायेलाही मर्यादा आहे. यंत्रात जेवढी माहिती भरली असेल तेवढेच ते खरे सांगते. तिच्या पलीकडे ते अंदाज करते, आणि अंदाजही तितक्याच रुबाबात दाखविते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली, आणि वैमानिकाने दांडी मागे ओढून विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल नाहीशी होण्याच्या अवस्थेत, नेले. २२८ जणांसह ते समुद्रात पडले. मोठ्या उंचीवर विमान हाताने सावरण्याचा सराव त्या वैमानिकांना मिळालेला नव्हता, आणि त्या वेळचे सिम्युलेटर पूर्ण स्टॉलचे वर्तन खात्रीने दाखवूही शकत नव्हते. त्यानंतर यंत्रांतील माहिती वाढविण्यात आली, आणि २०१९ पासून अमेरिकेत पूर्ण स्टॉलचे शिक्षण सक्तीचे झाले. बोइंग ७३७ मॅक्सची कथा याहून खेदाची: नाक आपोआप खाली दाबणाऱ्या एका नव्या यंत्रणेची वार्ताच वैमानिकांना आरंभी दिली गेली नाही, जुन्या ७३७ च्या वैमानिकांना सिम्युलेटरऐवजी संगणकावरचा छोटा पाठ पुरेसा मानला गेला, आणि २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ जण प्राणांस मुकले. सिम्युलेटरमधील तालमीची अट घालूनच ते विमान पुन्हा उडू दिले गेले.

नव्या तंत्राचा खरा लाभ मला दिसतो तो पाठ निवडण्याच्या रीतीत. पूर्वी ऐन उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडण्यासारखे ठरावीक प्रसंगच वर्षानुवर्षे घोटले जात. आता प्रत्येक फेरीची शेकडो परिमाणे नोंदली जातात, आणि वैमानिक प्रत्यक्षात कोठे अडखळतात हे पाहून पाठ बेतण्याच्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २०१३ साली मार्गदर्शिका दिली आहे. २०२१ साली युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने आभासी दृश्याचा चष्मा लावून शिकविणाऱ्या हेलिकॉप्टरच्या यंत्रासही मान्यता दिली. कोट्यवधी रुपयांचा सहा पायांचा कक्ष गोंदिया, बारामती किंवा धुळ्याच्या प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या वाट्याला येणे कठीण. चष्मा मात्र येऊ शकेल, आणि काळ्या समुद्रावरची रात्र त्याला पहिल्याच वर्षी भेटेल. मात्र दोन गोष्टींची तजवीज आधी व्हावी. उड्डाणाच्या नोंदी शिक्षणासाठी आहेत, दंडासाठी नव्हेत, अशी हमी वैमानिकास लेखी मिळाली पाहिजे, नाही तर आपली चूक तो आपण होऊन सांगणार नाही; आणि मागच्या खुर्चीवर बसून कोणते संकट कोणत्या क्षणी सोडावे हे ठरविणाऱ्या शिक्षकाचा दर्जा व वेतन प्रवासी विमानाच्या कॅप्टनच्या बरोबरीचे असले पाहिजे, कारण आज जाणता वैमानिक त्या खुर्चीपेक्षा विमानाकडेच ओढला जातो.