देवाघरचा हिशेब – भाग 5 : मुखवट्याचे वजन

दिवेआगरच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत 17 नोव्हेंबर 1997 रोजी खणताना तांब्याची पेटी लागली. आत सव्वा किलोहून जास्त सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला, सोबत दागिने. मुखवटा गावच्या मंदिरातच बसला आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या श्रीवर्धन तालुक्यातल्या या टोकाकडे वळल्या. घरोघरी खाणावळी निघाल्या.

24 मार्च 2012 च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांना ठार मारून मुखवटा पळवला. टोळी सापडली, पण मुखवटा वितळवलेला होता. 2017 मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. हाती आलेले सोने मुद्देमाल म्हणून अडकले. नवा सुवर्णमुखवटा बसायला 23 नोव्हेंबर 2021 ची अंगारकी उजाडली.

मुखवटा अख्खा असतो तोवर त्याचा चेहराच त्याची ओळख. लगड झाली की वजन आणि कस एवढेच उरते, आणि तेही आधी कुठे लिहिलेले असेल तर. मागच्या भागात दानपेटीतली रोकड पाहिली. नोट निदान मोजता तरी येते. दागिन्याचे तसे नाही.

एखादी सासुरवाशीण नवस फेडायला नथ वाहते. वहीत ‘सोन्याची नथ, 1 नग’ एवढीच नोंद होते. उद्या तिच्या जागी हलकी नथ ठेवली तरी नग एकच भरणार! नीट नोंद अशी: मोती किती, खडा कोणत्या रंगाचा, एकूण वजन, मोती-खडे वगळून निव्वळ वजन, कस, पावती क्रमांक, तारीख, फोटो आणि तिघांच्या सह्या. हार पोकळ असेल तर आतली लाखही वजनात धरली जाते, म्हणून दोन्ही वजने हवीत. गळती लागते ती बहुधा या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत.

दुसरी फट म्हणजे घट. जुने दागिने मोडून देवाला नवा मुकुट घडवतात तेव्हा सोनार घट धरतो, आणि ते रास्तच आहे. पण मोडीपूर्वीचे वजन पंचांसमोर लिहिलेले नसेल, तर घट किती धरली हे कोण विचारणार?

कुलूप-रखवालदारांनी हे भागत नाही. तुळजापुरात सिंहासन दानपेटीचा चक्क लिलाव व्हायचा. बोली जिंकणाऱ्याच्या हाती पेटीतला ऐवज जायचा. 1991 ते 2009 मधल्या त्या कारभाराची चौकशी झाली आणि गुन्हा नोंदवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला 2024 मध्ये. तिथे पेटी फोडायला कुणी रात्री आले नव्हते.

नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला सोन्याचा नारळ वाहतात. त्याचा हिशेब कुणी मागत नाही. देवळातल्या सोन्याचा मागता येतो. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्तांना हिशेब ठेवणे (कलम 32) आणि ते तपासून घेणे (कलम 33) बंधनकारक केले आहे. देवळात नेमाने दर्शनाला जाणारा भाविकही या कायद्याच्या लेखी हितसंबंधित व्यक्ती ठरतो.

शिमग्याला गावी गेलात आणि गावकीची बैठक बसली, तर जमाखर्च वाचून झाल्यावर दागिन्यांची वही मागा. तिच्यात वजनाचे रकाने दोन आहेत की एक, तेवढे आधी पाहा.