घरखर्चाची वही आणि शेताची वही

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुधा बीं-बियाणें, खतें, विहिरी आणि बैल यांसाठीं काढलेल्या कर्जाविषयीं असतें. किराणा, दवापाणी, मुलांची फी, आहेर आणि पाहुण्यांचा चहा यांसाठीं जें देणें होतें त्याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. वास्तविक पाहतां कुटुंबांतील रोजची काळजी व कुरबूर यांचें मूळ पुष्कळदां याच किरकोळ देण्यांत असतें. पीककर्जाला निदान मुदत असते, पासबुक असतें. घरखर्चाच्या देण्याला दोन्ही नसतात, आणि तें कोणी एकत्र मांडूनही पाहत नाहीं.

ही गोष्ट नवी नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. हें गांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत गडप झालें आहे. शेताचें उत्पन्न एका बाजूस व संसाराचा खर्च आणि कर्जाचें व्याज दुसऱ्या बाजूस मांडल्यावर बहुसंख्य कुटुंबांचें केवळ जमिनीवर भागत नाहीं, असें त्यांस दिसून आलें. पुढें रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ मध्यें देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. तींतही शेतकऱ्यांच्या कर्जाचा फार मोठा भाग घरखर्चासाठीं काढलेला आढळला, आणि एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेकडा सुमारें तीनच होता. संस्था वाढल्या, बँका गांवोगांव आल्या, तरी त्यांचें कर्ज पिकाकडे पाहूनच दिलें जातें. चुलीकडे पाहून देणारा मात्र अजून सावकार, दुकानदार किंवा अडत्या हाच आहे.

याचें कारण उघड आहे. नोकरदाराचा खर्च महिन्याचा व पगारही महिन्याचा. शेतकऱ्याचा खर्च बारमास, आणि पैका मात्र वर्षांतून दोनदां किंवा तीनदां हातीं येणार. रबीचा पैसा उन्हाळ्यांतील लग्नकार्यांत व देणींघेणीं वारण्यांत संपतो. ज्येष्ठांत पेरणी येते. आणि तेथून दिवाळीपर्यंतचे चार-पांच महिने घरांत येणें कांहीं नाहीं व जाणें सर्व आहे, अशी स्थिति असते. शाळा याच सुमारास उघडतात. हिवताप, डेंग्यू व पोटाचे विकारही पावसाळ्यांतच बळावतात. दुभतें जनावर असेल तर दुधावर मीठ-मिरची निभते. नसेल त्या घरीं उधारीशिवाय गति नाहीं.

ही उधारी शेतास कशी भोवते हें आंकड्यांनीं पाहूं. समजा, एका कोरडवाहू कुटुंबाकडे पांच एकर सोयाबीन आहे, घरीं सहा माणसें आहेत, आणि संसारास महिना आठ-नऊ हजार रुपये लागतात. कुटुंबप्रमुखानें ज्येष्ठांत घरखर्चासाठीं पन्नास हजार रुपये दरमहा शेकडा तीन दरानें घेतले, तर सहा महिन्यांचें व्याजच नऊ हजार झालें. एकरीं सहा क्विंटल म्हणजे तीस क्विंटल माल निघाला. देणेकरी दारांत उभा असल्यानें तो सर्व एकदम, भाव पडलेला असतांना विकावा लागला आणि क्विंटलमागें तीनशे रुपये कमी आले, तर तेथेंही नऊ हजार गेले. म्हणजे पन्नास हजारांच्या घरखर्चानें अठरा हजारांचा घाटा आणला. एवढ्यांत त्याच घराचा दोन महिन्यांचा संसार चालला असता. हंगामांत भाव पडतो ही कांहीं कल्पना नव्हे. २०२४-२५ मध्यें सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असतांना ऐन आवकेंत कित्येक बाजारांत तो त्याच्या पुष्कळ खालीं होता. त्या वेळीं ज्यांना थांबतां आलें नाहीं त्यांपैकीं पुष्कळांना शेतानें नव्हे तर घरखर्चानें घाईस आणलें होतें, असें आमचें मत आहे.

यावर पहिला उपाय शेतकऱ्याच्या खिशांतच असतो, पण त्याची फारशी कोणास माहिती नसते. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं सुरू झाली. तिच्या नियमांप्रमाणें पिकासाठीं ठरलेल्या रकमेच्या शेकडा दहा इतकी जास्त रक्कम काढणीनंतरच्या व घरखर्चाच्या गरजांसाठीं मर्यादेंत धरावयाची असते. पिकाची रक्कम एक लाख वीस हजार असेल तर हे बारा हजार होत. पांच महिन्यांचा संसार त्यांत भागणार नाहीं हें खरें. पण शेकडा तीनच्या दरानें काढावयाची रक्कम तितकी कमी होते. मर्यादा ठरवितांना ही बाब धरली आहे कीं नाहीं, हें शाखेंत विचारून घ्यावें. मात्र पिकाचा पैसा घरांत व घराचा पैसा पिकांत असें करूं नये. तसें झालें कीं मुदतीस रक्कम भरतां येत नाहीं, आणि मग ‘नवें-जुनें’ करण्यासाठीं चार दिवसांपुरते पैसे खासगींत उचलून बँकेंत भरावयाचे व नवें कर्ज निघतांच परत करावयाचे, हा प्रकार सुरू होतो. कागदावर कर्ज फिटतें. घरांत तें एका वर्षानें वाढतें.

काळ अनिश्चित असला कीं ही तारांबळ दुप्पट होते. नोव्हेंबर २०१६ मध्यें पांचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हां खरिपाचा माल नुकता विकला जात होता. आणि थोड्याच दिवसांत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्यांचें खातें तेवढ्याच बँकेंत होतें त्यांचे हाल झाले. २०२० च्या टाळेबंदींत भाजीपाला व द्राक्षें शेतांतच राहिलीं. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. या तीन आपत्तींत साम्य कांहींच नाहीं. पण तिन्ही वेळां ज्या घरीं वर्षाची ज्वारी व डाळ होती त्या घराची निदान भाकरीची चिंता कमी होती. आज पांचही एकरांत सोयाबीन पेरून ज्वारी दुकानांतून आणणारीं घरें पुष्कळ आहेत. नगदी पिकाचा मोह आम्हांस समजतो; तथापि एखादा एकर ज्वारीस राखल्यानें खाणें व कडबा दोन्ही घरचीं होतात, हा हिशेब भावाच्या पाटीवर दिसत नाहीं.

आतां घरांतील एका नाजूक गोष्टीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. पुष्कळ घरीं कर्जाचा खरा आंकडा एकट्या कर्त्या पुरुषास ठाऊक असतो. बायकोस उगाच काळजी नको, म्हाताऱ्या आईस धक्का बसेल, अशा समजुतीनें तो मनांत ठेवला जातो. इकडे बायकोनेंही बचत गटाचें किंवा एखाद्या वित्तसंस्थेचें कर्ज काढलेलें असतें, आणि त्याचा हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा असल्यानें ती तो मजुरीच्या पैशांतून मुकाट्यानें भरीत असते. एका छपराखालीं दोन कर्जें परस्परांस न कळतां वाढतात. हें ओझें एकट्यानें वाहतां वाहतां कित्येकांनीं जिवाचें बरेंवाईट करून घेतलें, आणि देण्याचा आंकडा घरच्यांना त्यानंतर कळला. विदर्भ-मराठवाड्यांतील वाचकांस याचीं उदाहरणें सांगावयास नकोत. म्हणून शेताची वही निराळी ठेवावी व घराची निराळी, आणि घराची वही घरधनिणीच्या हातीं असावी. तींत कोणाचें किती देणें, कोणत्या दरानें व केव्हां, एवढें लिहिलेलें असलें तरी पुरे. पोरांना वाचतां येतें. त्यांनींही ती वाचावी.

वही मांडली कीं कोणतें देणें आधीं वारावें हें आपोआप दिसूं लागतें. सोन्यावर बँकेंतून घेतलेलें कर्ज खासगी कर्जापेक्षां पुष्कळदां स्वस्त पडतें. २०२५ मध्यें सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखावर गेल्यानें तें मिळतेंही अधिक. परंतु अधिक मिळतें म्हणून अधिक उचलूं नये, आणि फेडीची मुदत सुगीनंतरची मागून घ्यावी. नाहीं तर दागिना लिलावांत जातो. सावकाराकडेच जावें लागलें तर त्याचा परवाना पाहावा व पावती घ्यावी. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं शेतकऱ्यास तारणी कर्जावर दरसाल शेकडा नऊ व बिनतारणी कर्जावर बारा हे कमाल दर ठरविले गेले, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे. दरमहा शेकडा तीन म्हणजे दरसाल छत्तीस. हा दर घेणारा बहुधा पावती देत नाहीं, याचें कारण हेंच.

उधारी आधींच झाली असेल आणि दिवाळी तोंडावर असेल, तर सर्व माल एकदम विकण्यापूर्वीं बाजार समितींत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करावी. पणन मंडळानें १९९०-९१ पासून चालविलेल्या या योजनेंत सोयाबीन, तूर, हरभरा इत्यादि माल समितीच्या वखारींत ठेवून किमतीच्या शेकडा पंचाहत्तरपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं दरसाल शेकडा सहा व्याजानें मिळते. तेवढ्यांत निकडीचीं देणीं भागवावीं व माल भाव पाहून सोडवावा. सर्वच समित्या ही योजना चालवीत नाहींत, म्हणून भाद्रपदांतच विचारणा केलेली बरी. सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद लागते. पीकपाहणी आतां मोबाईलवरून आपणच भरावयाची असल्यानें ती राहून गेली तर ऐन वेळीं खेटे पडतात. माल चांगला वाळवून व चाळून न्यावा. ओलसर सोयाबीन वखारींत घेत नाहींत.