मूठभर देह, शिकारी बाणा

१९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना एक चिमुकली कुत्री सापडली. बिल विन या सैनिकाने तिला सांभाळलं, नाव ठेवलं स्मोकी. वजन जेमतेम दोन किलो. पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या सुमारे २१ मीटर लांबीच्या अरुंद पाइपातून तिने टेलिफोनची तार ओढून नेली आणि सैनिकांचं खोदकाम वाचलं.

स्मोकी यॉर्कशायर टेरियर होती.

एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला आलेल्या स्कॉटिश विणकरांनी आपले टेरियर बरोबर आणले. त्यांच्यापासून घडलेली ही जात उंदीर मारण्यात तरबेज होती. म्हणूनच आजही हा कुत्रा धीट, हट्टी आणि भुंकण्यात पुढे असतो.

पिल्लं जन्मतः काळी-तांबूस असतात. मोठेपणी पाठ पोलादी निळी होते. रेशमी केस माणसाच्या केसांसारखे सतत वाढतात, गुंततात. त्यामुळे रोज विंचरणं आलंच. इवल्याशा जबड्यात दातांची दाटी होऊन हिरड्यांचे आजार लवकर जडतात. दातही रोज घासावेत. पिल्लं फार वेळ उपाशी राहिली, तर रक्तातली साखर घसरते; त्यांना थोडं थोडं, पण वारंवार खाऊ घालावं.

सर्वांत जपायची ती श्वासनलिका. या जातीत तिच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडून नळी दबते आणि कोरडा, कर्कश खोकला येतो. गळपट्ट्याला साखळी लावून ओढू नका. छातीवरून जाणारा पट्टा वापरा. असा खोकला ऐकू आला, तर लगेच पशुवैद्यांना दाखवा.