श्वासाच्या हाती हृदयाचा लगाम

मनगटावर तीन बोटं टेकवा आणि सावकाश दीर्घ श्वास घ्या. नाडी किंचित वेग धरते. श्वास सोडू लागताच मंदावते. तरुण, निरोगी हृदयात हा चढउतार चांगला ठळक असतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये तो नोंदवला.

ठोके मंदावण्याचं काम व्हेगस या मज्जातंतूचं. श्वास घेताना त्याचा अंमल सैलावतो, सोडताना पुन्हा बसतो. हा अंमल मोजताही येतो. मिनिटाला ६ श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात. श्वास घेताना आणि सोडताना ठोक्यांच्या गतीत मिनिटाला १५ किंवा अधिक फरक पडला, तर उत्तम. १० पेक्षा कमी पडला, तर काळजीचं.

लठ्ठपणात, विशेषतः पोटाचा घेर वाढलेला असताना, व्हेगसचा जोर ऐन विशीतच ओसरू लागतो. नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, तक्रार मात्र काहीच नसते. भारतीयांसाठी बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात. श्वास आणि ईसीजीची वरची तपासणी महागडी नाही.

व्हेगसचा हा जोर सावरायचा एक मार्ग म्हणजे प्राणायाम. तो प्रयोगशाळेत नेण्याचा मान महाराष्ट्राचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि प्रयोगांचे निष्कर्ष मांडण्यासाठी ‘योगमीमांसा’ त्रैमासिक काढलं. पुढे २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाला आढळलं, की लॅटिन जपमाळ असो वा बौद्ध मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयही साधारण १० सेकंदांची आहे. दोन्ही लयी जुळल्या, की ती यंत्रणा अधिक तत्पर होते.

अनुलोम-विलोमात ४ सेकंद पूरक (श्वास घेणं) आणि ६ सेकंद रेचक (श्वास सोडणं) केला, की नेमकी हीच लय साधते. काही आठवड्यांच्या नियमित सरावाने नाडी आणि रक्तदाब थोडे उतरल्याचं अनेक लहान अभ्यासांत दिसलं आहे. रोज १० मिनिटं, रिकाम्या पोटी, पाठ ताठ ठेवून बसावं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर कुंभक (श्वास रोखणं) आणि भस्त्रिका (जलद, जोरकस श्वसन) टाळावी, औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. संथ श्वासाने चरबी जळत नाही. त्यासाठी चालणं आणि ताटातला भात-तळण आवरणं आलंच. पण वजन उतरायला महिने लागतात, आणि तोवर हृदयाला हा आधार आजपासून देता येतो.